शाळेतल्या फॉर्मवरनं म्हणाले 'बॉर्डरलाइन', दहावीतल्या पोरीचं आता काय करू?

आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. आम्ही राजारामपुरीत राहतो, मुलगी पंधरा पूर्ण, दहावीत. मागच्या शनिवारी शाळेतनं फोन, काउन्सेलर मॅडमना भेटून जा. मला वाटलं दप्तरात मोबाईल सापडला असेल. गेले तर मॅडमनी कागद पुढं केला, म्हणाल्या नववी-दहावीच्या सगळ्या मुलींकडनं अकरा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतलाय, तुमच्या मुलीचा स्कोर जास्त आलाय, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीची लक्षणं दिसतात, कुठंतरी दाखवून घ्या. पाच मिनिटांत विषय संपला, बाहेर पुढचे पालक बसलेले.

खरं सांगते, 'बॉर्डरलाइन' ऐकून मी आधी जरा निवांतच झाले. आमच्या सासूबाईंची शुगर तीन वर्षं बॉर्डरलाइनवर आहे, म्हणजे काठावर, अजून झालेली नाही, भात कमी केला की भागतं. मला वाटलं हे पण तसलंच. घरी येऊन गुगल केलं आणि पोटात गोळा आला.

आता पोरीबद्दल. पहिल्यापासनं हळवी आणि तापट दोन्ही. पण गेलं वर्ष-दीड वर्ष जास्तच झालंय. एक मैत्रीण आहे, सोमवारी ती म्हणजे जीव की प्राण, गुरुवारी तिचं नाव काढायचं नाही, तिनं मेसेज बघून उत्तर दिलं नाही एवढ्यावरनं रात्रभर रडणं. मला म्हणते तू पण एक दिवस मला टाकून देणार. आणि तासाभरानं येऊन मांडीवर डोकं ठेवते. जून महिन्यात डाव्या हातावर ओरखडे दिसले, विचारलं तर मांजरानं म्हणाली. आमच्या घरात मांजर नाही, गल्लीतलं कुत्र्यांनी पळवून लावलंय. मी पुढं काही विचारलंच नाही, भीतीच वाटली हो.

मिस्टर म्हणतात कोल्हापूरची पोरगी आहे, तिखट असणारच, कसला आजार आणि कसलं काय. सासूबाई म्हणतात उद्या स्थळं बघायची आहेत, हे बाहेर बोलू नका. मला एवढंच विचारायचंय, अकरा प्रश्नांवरनं एवढं मोठं कळतं का? आणि या वयात हे असतं का मुळात? दाखवायचं तर कुणाला?

तांबडा_रस्सा

ताई एक सांगू का, राग मानू नका. आमच्या वेळी असले फॉर्म नव्हते म्हणून आम्ही सगळे वाचलो, नाहीतर आमची अख्खी तालीम बॉर्डरलाइन निघाली असती. दहावीचं टेन्शन आहे, मोबाईल महिनाभर काढून घ्या, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरवून आणा, जोतिबाला जाऊन या. आजकाल प्रत्येक गोष्टीला नाव पाहिजे लोकांना.

नागाळा_पार्क

माझ्या चुलतभावाला हाच बीपीडी (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर) आहे, लिथियम चालू आहे, एकदम व्यवस्थित, दुकान बघतो. घाबरू नका. गोळी चुकवायची नाही फक्त.

मिरज_लोकल

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सांगली-मिरज पट्ट्यात काम करते, किशोरवयीन मुलं हेच माझं रोजचं. इथं कुणाचं निदान करणार नाही, ते कुणीच करू नये, पण काही गोष्टी सरळ कराव्या लागतील.

आधी नागाळा_पार्क दादा, लिथियम चालू आहे म्हणजे तुमच्या भावाला बहुतेक बायपोलर असेल. दोन्हीची आद्याक्षरं सारखीच ऐकू येतात म्हणून कायम गोंधळ होतो (आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीत बीपीडी लिहिलेलं असतं ते बाळाच्या डोक्याचं माप, ते वाचून एक जोडपं रडत आलं होतं आमच्याकडं). बायपोलरमधे मूडची लाट दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे चालते, झोप न होताही माणूस जोरात असतो. बॉर्डरलाइनमधे मूड काही तासांत पालटतो आणि बहुतेक वेळा माणसावरनं पालटतो, कुणी बोललं, कुणी बोललं नाही, कुणी निघून गेलं. औषधाचंही तसंच, बॉर्डरलाइनवर खास अशी गोळी नाही. सोबत डिप्रेशन असेल, झोप उडाली असेल तर त्याची देतात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा.

आठवी_गल्ली ताई, तुमचा शुगरचा घोळ तुमच्या एकटीचा नाही. या नावात बॉर्डर म्हणजे 'थोडंसं आहे' असं नाही. १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न नावाच्या डॉक्टरनं हा शब्द वापरला, तेव्हा समज होती की हे पेशंट न्यूरोसिस (चिंता-भीतीचा त्रास, पण भान शाबूत) आणि सायकोसिस (भानच सुटतं ते) यांच्या सीमेवर आहेत. समज गेली, नाव राहिलं. १९८० ला ते अमेरिकन निदानाच्या पुस्तकात अधिकृत झालं आणि आपण अजून ते वागवतोय.

या वयात असतं का? असतं. बरीच वर्षं डॉक्टर लोक अठराच्या आधी हे नाव घ्यायला तयारच नसायचे, व्यक्तिमत्त्व अजून घडतंय, शिक्का कशाला म्हणून. ती काळजी रास्त आहे. पण त्यापायी झालं असं की पोरं तीन-चार वर्षं 'वय आहे, जाईल' या पाटीखाली राहिली आणि कॉलेजात गेल्यावर कॅज्युअल्टीत भेटली. त्याच अमेरिकन पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, डीएसएम-५ मधे, अठराखाली निदान करता येतं, अट अशी की लक्षणं किमान एक वर्ष टिकलेली पाहिजेत, परीक्षेपुरती किंवा ब्रेकअपपुरती नकोत. नऊपैकी पाच पाहिजेत. ते नऊ म्हणजे, कुणीतरी सोडून जाईल याची जिवघेणी भीती, नाती आज देव्हाऱ्यात उद्या पायाखाली, मी कोण हेच न ठरणं, पैसे-गाडी-खाणं-नशा असल्या बाबतीत बेफाम वागणं, स्वतःला इजा किंवा मरायची भाषा, मूडची तासातासाची चढउतार, आतनं पोकळ वाटणं, आवरता न येणारा राग आणि फार ताण आला की संशय येणं किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटणं. आता यातलं दोन-तीन कुठल्या पंधरा वर्षांच्या पोरीत नसतं सांगा. म्हणून तर नुसतं 'आहे का' विचारून भागत नाही, किती, किती दिवस, कुठंकुठं आणि त्यापायी काय अडतंय हे विचारावं लागतं.

फॉर्मबद्दल. अकरा प्रश्नांचा म्हणताय तर बहुतेक बीपीएफएससी-११ असेल, २००५ ला मुलांसाठी चोवीस प्रश्नांची एक पट्टी केलेली, तिचं २०१४ ला झालेलं छोटं रूप. पट्टी वाईट नाही. पण ती चाळण आहे, निदान नाही. हिशेब करून दाखवते. समजा शाळेत ३०० मुली आहेत आणि त्यातल्या शंभरात तिघींना खरंच हा त्रास आहे, म्हणजे ९. समजा फॉर्म चांगला आहे, त्रास असलेल्या शंभरातल्या ८५ पकडतो आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ८४ जणींना बरोबर सोडतो. तर ९ पैकी ८ सापडल्या, आणि उरलेल्या २९१ मधल्या सुमारे ४७ जणी उगाच अडकल्या. मॅडमच्या टेबलावर ५५ कागद, त्यात खरे ८. सातात एक. त्या ५५ आयांना पाच-पाच मिनिटांत 'लक्षणं दिसतात' सांगितलं तर काय होणार ते तुम्ही भोगताच आहात.

एक विचारते, फॉर्म इंग्रजीत होता की मराठीत? आणि मराठी कुणी केलं?

खडू_फळा

एकतीस वर्षं शाळेत काढली, आता रिटायर. मला या सरसकट फॉर्मचाच राग येतो. डोळे तपासायला येतात तेव्हा चष्म्याची सोय बघून येतात ना? मग मन तपासताना पुढची सोय कुठं असते? मुलींना वर्गात बाकावर शेजारीशेजारी बसवून असले प्रश्न, शेजारणीचं उत्तर दिसतंय, कोण खरं लिहील? आणि कुणी खरं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे चर्चा. मी हे बघितलंय, नाव घेत नाही. फॉर्म भरून घेतला की अहवालात रकाना भरतो, बास.

तांबडा_रस्सा, तालमीतले सगळे वाचले नाहीत हो. आमच्या बॅचचे दोघं नाहीत आज. तेव्हा कुणी विचारलं नाही इतकंच.

आठवी_गल्ली

सर, मॅडम, धन्यवाद. मिरज_लोकल मॅडम, तुम्ही विचारलं म्हणून आज तिलाच विचारलं. फॉर्म इंग्रजीतला होता, एक टीचर मोठ्यानं वाचून मराठीत सांगत होत्या आणि पोरी आकड्याला गोल करत होत्या. एका प्रश्नात 'तुम्हाला रिकामं वाटतं का' असं सांगितलं म्हणे. हिनं 'नेहमी' ला गोल केला. मी म्हटलं तू कधी गं रिकामी, सकाळी शाळा दुपारी क्लास. तर म्हणते, तेच की, शाळेत बसून मला रिकामंच वाटतं, टाइमपास. म्हणजे बोअर होतं असं समजून लिहिलंय तिनं! मला हसू आलं, खूप दिवसांनी.

पण मग 'जवळची माणसं सोडून जातील अशी भीती' या प्रश्नाला पण 'नेहमी' होतं, ते का विचारल्यावर गप्प बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली तुला पूर आठवतो का. २०१९ च्या पुरात ती आजोळी चिखलीत होती, नऊ वर्षांची. पाणी चढलं, दोन दिवस आमचा कुणाचा फोन लागला नाही, ती माळ्यावर आजीजवळ. नंतर सगळे सुखरूप आले म्हणून आम्ही तो विषय कधी काढलाच नाही, उलट पुराचे फोटो दाखवून पाहुण्यांना गंमत सांगायचो. तिच्या मनात ते तसंच आहे काय माहीत.

मिरज_लोकल

ताई, तुम्ही एका संध्याकाळी जे काढलंत ते अकरा गोलांनी निघालं नसतं. 'रिकामं'चा किस्सा मी आता ट्रेनिंगमधे सांगणार, परवानगी द्या. मूळ प्रश्नात पोकळी आहे, आत काहीच नाही अशी, आणि आपल्याकडं रिकामं म्हणजे काम नसलेलं. शब्द बदलला की स्कोर बदलतो.

पण हेही ऐका, फॉर्म चुकला म्हणजे पोरगी ठीक आहे असं होत नाही. ते मांजर विसरू नका. दीड वर्ष, मैत्रिणीचं तसं, तुमच्याशी तसं, आणि हात. त्याला नाव काहीही निघो, कदाचित पुराचा राहून गेलेला धक्का असेल, डिप्रेशन असेल, एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा) असेल, बॉर्डरलाइनची सुरुवात असेल, दोन गोष्टी मिळून असतील, पण कुणीतरी नीट बसून बघायला पाहिजे. नीट म्हणजे दोन-तीन बैठका, एक तिच्या एकटीबरोबर, एक तुमच्याबरोबर, लहानपणापासनचा इतिहास, झोप, पाळी, थायरॉइड, शाळेत कुणी त्रास देतंय का, घरात-नात्यात कुणी हात लावलाय का, हे सगळं. २०२२ पासनं लागू झालेल्या आयसीडी-११ मधे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तर आधी त्रास किती आहे, सौम्य मध्यम तीव्र, हे बघतात आणि बॉर्डरलाइनचा साचा त्याला जोडायचा का ते नंतर ठरवतात. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते.

कुणाला दाखवायचं, तर मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी डॉक्टर, किंवा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नोंदणी विचारायला लाजू नका. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून जाता येतं. अडलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे नाहीत.

आणि हाताबद्दल सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात भरतं हा आपला गैरसमज आहे, उलट कुणीतरी बघितलंय याचा सुटकारा असतो. ओरडू नका, शपथ घालू नका, 'आम्ही काय कमी केलं' म्हणू नका. 'मांजर नव्हतं ना गं' एवढं पुरतं. घरातल्या गोळ्या, सासूबाईंच्या धरून, कुलपात ठेवा. मरायचं बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

कळंब्याची_पोरगी

मी लिहू का नको करत होतो दोन दिवस. (कोल्हापूरची आहे, गेलो-आलो असंच लिहिणार, मुलगाच समजून बसू नका.) वय २३. मला १९ व्या वर्षी हे निदान झालं पुण्यात. लक्षणं तेराव्यापासनं होती. शाळेत मला नाटकी म्हणायचे, घरी आई म्हणायची हिच्या अंगात येतंय, एकदा खरंच अंगारा लावून आणला. काकू, तुम्ही पोरीला विचारलं ना, माझ्या आईनं कधी विचारलं नाही, ती वाईट नाही हो, तिला भीतीच वाटायची तुमच्यासारखी.

आतनं कसं असतं सांगतो. बाहेरनं दिसतं एवढ्याशा गोष्टीवरनं एवढा तमाशा. आतनं ती गोष्ट एवढीशी नसतेच. कुणी फोन उचलला नाही की मला वाटायचं संपलं, हा माणूस गेला, आणि मग त्यानं खरंच जायच्या आधी मीच भांडून घालवायचो. नंतर लाज. ती लाज सगळ्यात बेक्कार, हातावरचं सगळं त्या लाजेतनं व्हायचं.

नाव मिळाल्यावर रडलो पण बरं वाटलं, म्हणजे हे काहीतरी आहे, मी मुळातच नासकी नाही. डीबीटी (भावनांच्या लाटा सांभाळायला शिकवणारी थेरपी) केलं दीड वर्ष. ते ज्या बाईंनी काढलं, मार्शा लिनेहान, त्यांनी २०११ ला जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच असल्या त्रासात हॉस्पिटलात होत्या, हे माझ्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की यातनं माणूस बाहेर येतो. शिकवतात काय तर फार साधं. लाट आली की ती उतरेपर्यंत काही करायचं नाही, तोंडावर गार पाणी मारायचं, जिना चढउतर करायची, मेसेज टाइप करून पाठवायचा नाही. मला पहिले सहा महिने फालतू वाटलं. आता मी नोकरी करतो, अजून महिन्यातनं एखादा दिवस खराब जातो, पण दिवसच, आठवडा नाही.

१५ व्या वर्षी कुणी विचारलं असतं तर माझी ती चार वर्षं वाचली असती. म्हणून फॉर्मला एकदम शिव्या घालू नका सर. फॉर्म नाही, नंतरची पाच मिनिटं चुकली.

खडू_फळा

बाळ, पटलं. 'नंतरची पाच मिनिटं चुकली' हे बरोबर आहे.

तांबडा_रस्सा

माझंही चुकलं वाटतं जरा. पण जोतिबाचं मागं घेत नाही, चालल्यानं बरं वाटतंच.

मिरज_लोकल

चालणं घ्याच की, नुसतं चालण्यावर सोडू नका इतकंच.

कळंब्याची_पोरगी, लिहिलंत हे फार बरं झालं. एक भर घालते, कारण लोक नेटवर 'कधीच बरं होत नाही' वाचून येतात. अमेरिकेत बॉस्टनजवळ मॅक्लीन हॉस्पिटलात १९९२ पासनं २९० मोठ्या पेशंटचा पाठपुरावा केला, दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं सलग निदानाच्या रेषेखाली राहिली. मात्र नोकरी आणि नाती धरून पूर्ण सावरलेले साधारण निम्मेच. म्हणजे राग, इजा हे कमी होतं, पण मधल्या काळात सुटलेलं शिक्षण आणि तुटलेली माणसं परत जोडायला जास्त वेळ लागतो. लवकर बघायचं ते यासाठी, दहावी-बारावी-मैत्रिणी हातात आहेत तोवर. मेलबर्नला तर १५ ते २५ वयासाठी यावर वेगळं क्लिनिक चालतं, आणि तिथं पूर्ण निदान बसायची वाट बघत नाहीत, काही लक्षणं असली तरी काम सुरू करतात.

किशोरवयीन डीबीटीत आईवडलांनाही बसवतात. त्यातलं एक घरी आजपासनं करता येईल, तिचं म्हणणं पटलं नाही तरी त्रास खरा आहे एवढं मान्य करायचं. 'मैत्रिणीनं रिप्लाय दिला नाही तर काय मोठं' याच्या जागी 'लई लागलं ना तुला ते'. मोबाईल मागितला तर द्यायचाच असं नाही. त्रास मान्य करणं वेगळं, हट्ट मान्य करणं वेगळं.

स्थळांचं म्हणाल तर पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे, कायद्यातले थोडे अपवाद सोडले तर डॉक्टर ती बाहेर सांगू शकत नाहीत. शाळेलाही तुम्ही निदान कळवायलाच पाहिजे असं नाही, 'दाखवतोय, उपचार चालू आहेत' पुरे. तो स्कोरचा कागद मात्र शाळेकडनं मागून घ्या, वर्गाच्या फाइलीत राहू देऊ नका.

आठवी_गल्ली

अपडेट देते, सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

परवा रात्री भांडी घासताना ती पुसायला आली, तेव्हा विचारलं. तुम्ही सांगितलं तसंच, मांजर नव्हतं ना गं. ताट हातातनं ठेवलं तिनं आणि म्हणाली तुला तेव्हाच कळलेलं ना. मी हो म्हटलं. मग म्हणे विचारलं का नाहीस. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी म्हटलं घाबरले. ती म्हणाली मी पण. तिथंच खाली बसलो दोघी, नळ चालूच होता.

मिस्टरांना हा धागा वाचायला दिला, काही बोलले नाहीत, कळंब्याच्या पोरीचं दोनदा वाचलं. सकाळी स्वतःच म्हणाले केसपेपर काढायला मी येतो रजा टाकून. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, गोळ्यांचा डबा कपाटात का गेला म्हणून रोज विचारतात, झुरळं झालीत म्हणून सांगितलंय.

बुधवारची वेळ मिळालीय. ती म्हणते डॉक्टरांना 'रिकामं'चं मीच सांगणार, तू मधे बोलायचं नाही. शाळेत कागद मागायला उद्या जातेय. त्या टीचरना पण विचारायचंय, बाकीच्या पोरींनी त्या प्रश्नाला काय गोल केलाय.

कळंब्याची_पोरगी

काकू बुधवारी काय झालं ते सांगा. आणि तिला सांगा, पहिल्या डॉक्टरशी जमलं नाही तर दुसरा बघायचा, माझा तिसरा होता.